पेठेतल्या जुन्या दुकानाचा इतिहास कसा नोंदवावा

पुण्याच्या पेठांत एखाद्या दुकानावर ‘स्थापना १८९०’ अशी पाटी दिसते. कोणीतरी ती उतरवून घेतो आणि पुढच्या प्रत्येक लेखात तेच साल फिरत राहते. पण १८९० साली नेमके काय सुरू झाले? ही इमारत उभी राहिली, या नावाची पेढी निघाली, की पणजोबांनी डोक्यावर गाठोडे घेऊन फिरता धंदा सुरू केला आणि या गाळ्यात कुटुंब पुढच्या पिढीत आले? पाटी यातले काहीच सांगत नाही. जुन्या बाजाराबद्दल जे चुकीचे लिहिले जाते, त्यातले बरेचसे या एका गफलतीतून येते.

म्हणून कामाला लागण्याआधी वहीत प्रत्येक दुकानासाठी तीन वेगळी खाती उघडा: जागा, पेढी आणि धंदा. जागेच्या खात्यात इमारत, गाळा, मालक, भाडेकरू. पेढीच्या खात्यात नाव, भागीदार, वाटण्या, स्थलांतरे. धंद्याच्या खात्यात माल, कारागीर, गिऱ्हाईक, मोजमापे. हाती आलेली प्रत्येक माहिती यांपैकी कोणत्या खात्याची आहे ते ठरवूनच लिहायची. ठरत नसेल तर चौथ्या, ‘अनिश्चित’ खात्यात टाका, पण अंदाजाने कुठे घुसडू नका. हे सारे एवढ्यासाठी की तिन्ही गोष्टींची वये क्वचितच जुळतात. नाना पेठ, भवानी पेठ भागातला घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला तेव्हा कित्येक पेढ्या हलल्या, पण गाळे तिथेच राहिले आणि त्यांत दुसरे धंदे आले. गाळ्याचे वय पेढीला चिकटवले की दोन्ही इतिहास बिघडतात.

किती भाग घ्यायचा

अख्खी पेठ घेऊ नका. एका गल्लीची एक बाजू, चौक ते चौक, पंधरा ते वीस दुकाने एवढे पहिल्या खेपेला पुरते. बोहरी आळी, तांबट आळी, भांडी आळी, तपकीर गल्ली, कापडगंज, अप्पा बळवंत चौकाची एक बाजू, असा एकाच धंद्याचा पट्टा निवडलात तर एका दुकानदाराने सांगितलेले शेजाऱ्याकडून पडताळता येते. तुळशीबागेसारख्या मिश्र बाजारात ते अवघड जाते.

पहिली फेरी दुकाने उघडण्याआधी, सकाळी करा. शटर खाली असतात, माल बाहेर टांगलेला नसतो आणि इमारतीचा दर्शनी भाग जोत्यापासून पन्हाळीपर्यंत दिसतो. कागदावर एक लांब पट्टी आखून प्रत्येक गाळा क्रमाने मांडा. पावलांनी रुंदी मोजली तरी चालेल. दुकानांच्या मधले जिन्याचे दरवाजे, बोळ, देवळी, बंद केलेली खिडकी हेही दाखवा. पुढे कोणी ‘जिन्याच्या पलीकडचा गाळा’ म्हणाले की हाच कागद उपयोगी पडतो.

आधी पत्ता सोडवा

पेठांमध्ये पत्ता हेच पहिले कोडे असते. जुन्या पावतीवर ‘घर नं.’ असतो, सरकारी कागदावर ‘सि. स. नं.’ म्हणजे सिटी सर्व्हे नंबर. हे दोन आकडे वेगळे आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. ‘५१२ सदाशिव’ एवढेच लिहिलेले सापडले तर तो कोणता आकडा हे ठरल्याशिवाय नकाशावर खूण करू नका. शेजारच्या दोन-तीन मिळकतींचे दोन्ही क्रमांक मिळवा, म्हणजे तुमचा आकडा कोणत्या मालिकेत बसतो ते कळते.

नावेही बदलली आहेत. शुक्रवार पेठ जुन्या कागदात विसापूर म्हणून येते, रविवार पेठ मलकापूर, शनिवार पेठ मुर्तुजाबाद, गुरुवार पेठ वेताळ पेठ, रास्ता पेठ शिवपुरी, नाना पेठ हनुमंत पेठ. गंज पेठेचे आजचे नाव महात्मा फुले पेठ. मंडईचे मूळ नाव रे मार्केट. ती उभी राहण्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. तेव्हा ‘आमचे आजोबा मंडईत बसायचे’ हे वाक्य १८८५ च्या आधीच्या काळाबद्दल असेल, तर ती मंडई आजच्या जागी नव्हती.

लोक पत्ता सांगतात तो देवळावरून, हौदावरून, तालमीवरून: सोन्या मारुतीजवळ, फडके हौदापाशी, पासोड्या विठोबाच्या समोर. हे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या आणि शेजारी तुमच्या पट्टीवरचा गाळा क्रमांक टाका. हौद बुजला असेल किंवा तालीम हलली असेल, पण नाव टिकलेले असते. काही आळ्यांची जुनी नावे जातीवरून पडलेली आहेत. कागदात आहेत तशी त्यांची नोंद ठेवा, पण आजचा पत्ता देताना आजचेच नाव वापरा.

इमारत काय सांगते

उंबऱ्यापासून सुरुवात करा. शटर येण्यापूर्वी दुकाने लाकडी फळ्यांनी बंद होत. उभ्या फळ्या खालच्या उंबऱ्यातल्या आणि वरच्या पट्टीतल्या खाचेत एकेक सरकवायच्या. खाच अजून दिसत असेल तर गाळा दुकानासाठीच केलेला होता किंवा फार पूर्वी दुकानात बदललेला होता. फळ्या माळ्यावर पडलेल्या असतात. त्यांवर क्रमांक असतात, ते मोडी आकड्यांत आहेत की देवनागरीत ते पाहा. खाच नसेल आणि दर्शनी भागात भिंत फोडल्याच्या खुणा असतील तर तो मुळात वाड्याचा ओटा किंवा पडवी असण्याची शक्यता जास्त.

रस्त्यापासून उंबऱ्याची उंची टेपने मोजा. डांबराचे थर वर्षानुवर्षे चढत गेल्याने जुन्या गाळ्यांची जमीन रस्त्याच्या पातळीला किंवा खाली गेलेली दिसते. एकाच ओळीत एक उंबरा रस्त्याखाली आणि शेजारचा दोन पायऱ्या वर असेल, तर शेजारची जमीन नंतर उचललेली आहे. मालकाला विचारा, बहुधा निमित्तही सांगतात.

छत बघायला परवानगी मागा. कडीपाट, सागवानी तुळया, पातळ विटा आणि दगडी जोते हे सारे एकत्र दिसले तर ते जुन्या वाड्याचे शिल्लक अंग. लोखंडी गर्डरवर कंपनीचे नाव उठवलेले असते आणि बॅटरीचा उजेड तिरका टाकला की ते वाचता येते. ‘टाटा’ दिसले तर तो गर्डर १९१२ पूर्वीचा नाही, कारण जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद बनू लागले ते तेव्हा. मंगलोरी कौलांवरच्या सालाने मात्र पुष्कळांची फसगत होते. ‘बासेल मिशन’ आणि ‘१८६५’ असे उठवलेले कौल सापडले म्हणजे छप्पर १८६५ चे झाले असे नाही. ते कारखान्याच्या स्थापनेचे साल आहे आणि पुढे कित्येक दशके ते तसेच उठवले जात होते. बासेल मिशनचे कारखाने पहिल्या महायुद्धानंतर कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. त्या नावाच्या कौलांवरही १८६५ सापडते.

पाटीचा फोटो दोनदा काढा, एकदा सरळ उजेडात आणि एकदा सकाळी किंवा संध्याकाळी उजेड कडेने पडत असताना. लाकडी किंवा पत्र्याच्या पाटीवर रंगाखालची जुनी अक्षरे उठून दिसतात ती दुसऱ्या फोटोत. पेढीचे नाव बदलल्याचा हा फार चांगला पुरावा असतो आणि रंगारी येऊन गेला की तो कायमचा जातो.

दुकानदाराशी बोलताना

हंगाम पाहून जा. सराफ आणि कापडवाल्यांकडे दसरा, दिवाळी आणि लग्नसराईत जाऊ नका. अप्पा बळवंत चौकात, म्हणजे पुस्तकांच्या बाजारात, जून महिना टाळा. तुळशीबागेत गौरी-गणपतीच्या आधीचा महिना टाळा. फोनवर वेळ मागण्यापेक्षा दुकानात जाऊन, काही खरेदी करून, ‘काका, तुमच्या सवडीने कधी येऊ?’ असे विचारलेले बरे. दुपारचा निवांत वेळ बहुतेकांना चालतो. एका बैठकीला तास-सव्वा तास पुरे. त्यापुढे माणूस दमतो आणि सालांची सरमिसळ होते.

रेकॉर्डिंगसाठी मोबाइल चालतो. तो फ्लाइट मोडवर ठेवा, पंख्याच्या झोतात ठेवू नका आणि बोलणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवा. काउंटरच्या काचेवर ठेवला तर प्रत्येक नाणे कानात वाजते. सुरुवातीला तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचे नाव रेकॉर्डवरच म्हणा, त्यांची संमतीही तिथेच घ्या.

‘दुकान कधी सुरू झालं?’ हा पहिला प्रश्न नको. त्याला पाटीवरचेच उत्तर येते आणि मग बाकीचे बोलणे त्या सालाशी जुळवून घेतले जाते. वस्तूंपासून सुरू करा. गादी-तक्क्या होता की टेबल-खुर्ची? गल्ला कुठे असायचा? माल कशातून यायचा, बैलगाडी, हातगाडी की रेल्वेचे पार्सल? तराजू कसला, मापे शेर-पायलीची की किलोची? उधारी कोण लिहायचे आणि कोणत्या लिपीत? रात्री दिवा कसला? असे विचारले की माणूस लहानपणी जिथे उभा असायचा तिथे मनाने जाऊन बघायला लागतो आणि आठवण आपोआप नेमकी होते.

मग काळ ठरवा, तोही सालाने नव्हे तर मोठ्या घटनेने. पुण्याच्या पेठांत यासाठी सर्वांत भक्कम खुंटी म्हणजे १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. ‘हे पुराच्या आधीचं की नंतरचं?’ या प्रश्नाला सहसा ठाम उत्तर मिळते. नदीकाठच्या शनिवार, नारायण, कसबा या पेठांत तर पुढे विचारा: ‘पाणी कपाटाच्या कितव्या फळीपर्यंत आलं होतं? वह्या वाचल्या का? उघडलंत कधी?’ पुष्कळ पेढ्यांचे जुने कागद त्या दिवशी गेले. त्यामुळे १९६१ आधीचे काहीच सापडत नसेल तर दुकान त्याआधी नव्हतेच, असा निष्कर्ष काढू नका.

इतर खुंट्या धंद्याप्रमाणे बदलतात. सराफ आणि सोनारांकडे जानेवारी १९६३ चे सुवर्णनियंत्रण नियम विचारा. चौदा कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे दागिने घडवायला बंदी आली आणि कारागिरांचे हात रिकामे झाले. कोणी दुसऱ्या धंद्यात गेले, कोणी भांडी विकू लागले. धान्य-किराणा दुकानांत महायुद्धातले रेशनिंग आणि १९७२ चा दुष्काळ आठवतो. सर्वांनाच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आठवतो, आणि १९७६-७७ मधले जोशी-अभ्यंकर हत्यासत्रही, जेव्हा अंधार पडायच्या आत रस्ते ओस पडत. अलीकडचे काही ठरवायचे असेल तर ऑगस्ट २००९ मधला स्वाइन फ्लू.

प्रत्येकाला न चुकता विचारायचा एक प्रश्न आहे: ‘तुमच्या डावीकडे तेव्हा कोण होतं, उजवीकडे कोण, समोर कोण?’ आपल्या पेढीबद्दल माणूस थोडे वाढवून सांगतो, शेजाऱ्याबद्दल सहसा नाही. पंधरा दुकानांची ही उत्तरे पट्टीवर मांडली की प्रत्येक गाळ्याबद्दल तीन-चार साक्षी जमतात आणि कोणाचे साल ओढाताणीचे आहे ते दिसून येते.

मालकाखेरीज इतरांशी बोलल्याशिवाय नोंद पुरी समजू नका. जुना कारकून, हमाल, फळ्या लावणारा गडी, वरच्या मजल्यावरच्या आजी यांना वेगळे आठवते. दुकानामागे मसाले कुटणे, कपबश्यांचे गवत सोडवणे, पाकिटे चिकटवणे ही कामे घरातल्या बायका करत. वाटणी कधी झाली, कोण वेगळे राहायला गेले, हे साल त्यांच्या तोंडी लग्ना-बारशांच्या आधारे असते आणि बहुधा बिनचूक निघते.

भाड्याच्या गाळ्यात एक गोष्ट सांभाळा. मालक-भाडेकरू वाद कोर्टात चालू असेल तर ‘आम्ही इथे कधीपासून’ हे वाक्य दोन्ही बाजू जपून बोलतात. तुमच्या रेकॉर्डिंगचा उपयोग पुढे कोणीही करू शकतो. वाद आहे असे कळले की जागेचे खाते बाजूला ठेवा आणि धंद्याबद्दल विचारा. पागडीची रक्कम रेकॉर्डवर कधीच विचारू नका.

पावती, पिशवी, डबा: साल कसे काढायचे

बिनतारखेचा कागद हाती आला तर त्यावरच्या छापील मजकुरातून काळ काढता येतो. नियम एकच: नवी गोष्ट दिसली की कागद तिच्याआधीचा असू शकत नाही. जुनी गोष्ट दिसली म्हणून मात्र तो जुनाच असे ठरत नाही, कारण छापलेले पावतीपुस्तक संपेपर्यंत वापरले जाते.

किंमत रुपये-आणे-पैत असेल तर छपाई बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे, १९५७ ते १९६४ या काळातले. १ जून १९६४ पासून ‘नवे’ गळाले. बोलण्यात चार आणे, आठ आणे पुढे कित्येक वर्षे राहिले, तेव्हा बोलण्यातल्या आण्यांवरून साल काढू नका. शेर, मण, तोळा जाऊन किलो, ग्रॅम येऊ लागले ते १९५८ नंतर टप्प्याटप्प्याने. ‘मुंबई राज्य’ हे शब्द १ मे १९६० पूर्वीचे.

पत्त्यात ‘पुणे २’ किंवा ‘पुणे ३०’ एवढेच असेल तर तो जुना टपाल विभाग. ‘४११ ००२’ किंवा ‘४११ ०३०’ असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. दूरध्वनीचे आकडे मोजा. पुण्यात पाच आकड्यांचे सहा झाले, मग सात, आणि २००० नंतर पुढे २ लागून आठ.

करांचे क्रमांक सर्वांत उपयोगी. विक्रीकराचा ‘बी. एस. टी.’ क्रमांक १९५९ च्या कायद्याखालचा असेल तर पावती १९६० ते २००५ मधली. ‘व्हॅट टिन’ असेल तर १ एप्रिल २००५ नंतरची. ‘जीएसटीआयएन’ असेल तर १ जुलै २०१७ नंतरची. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचे नाव असते. तेही उतरवा, त्या छापखान्याचा काळ दुसऱ्या कागदावरून कळू शकतो.

तांब्या-पितळेच्या भांड्यांकडे विशेष लक्ष द्या. आहेरात दिलेल्या भांड्यांवर नाव आणि तारीख कोरून घेण्याची पद्धत होती आणि काही भांड्यांच्या तळाला दुकानाचा किंवा कारागिराचा शिक्काही असतो. शिक्का आणि तारीख एकाच भांड्यावर मिळाली तर त्या दिवशी ते दुकान चालू होते, याचा याहून चांगला पुरावा क्वचित मिळतो. ‘या दुकानातून घेतलेली जुनी भांडी कोणाकडे आहेत का?’ असे गल्लीत आणि नातेवाइकांत विचारत राहा.

वह्या उघडताना

लाल कापडाची लांबट वही बाहेर आली की मालकाच्या हातूनच उघडवा. बोटाला थुंकी लावून पान उलटू नये, सपाट करण्यासाठी शिवण दाबू नये. कसर किंवा वाळवी दिसली तर ती वही इतर कागदांपासून वेगळी ठेवा. व्यवहारांची पाने वाचण्याची गरज नाही, मालकालाही ते नको असते. तुम्हाला हवे ते पहिले पान. श्री, लाभ, शुभ यांखाली पेढीचे नाव, मालकाचे नाव, गाव आणि तिथी असते. ओळीने दहा वह्यांची पहिली पाने मिळाली तर पेढीचे नाव कोणत्या साली बदलले, भागीदार कधी वाढला, ते समोर येते. तेवढ्याचाच फोटो मागा.

तिथीचे साल बदलताना चुका होतात. शालिवाहन शकात चैत्र ते डिसेंबर ७८ आणि जानेवारी ते फाल्गुन ७९ मिळवा. गुजराती आणि मारवाडी पेढ्यांचे वर्ष कार्तिकात, दिवाळीला उघडते आणि ते विक्रम संवत असते. दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा करा, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. म्हणजे संवत २०१७ ची वही १९६० च्या दिवाळीला उघडलेली आणि पानशेतचा पूर तिच्यातच येतो. पेशवाईतल्या मोडी कागदांत सुहूर सन असतो, तो मृग नक्षत्रापासून सुरू होतो. त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६०० मिळवा. फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, सुहूरच्या नऊ वर्षे पुढे चालतो. दोन्ही एकाच कागदावर असतील तर या नऊच्या फरकाने वाचन तपासून घ्या.

मोडी स्वतःला येत नसेल तर अंदाजाने वाचू नका. आडनावांत आणि आकड्यांत फसगत होते. चांगला फोटो काढून जाणकाराला दाखवा, पुण्यात मोडीचे वर्ग घेणाऱ्या संस्था आहेत. मारवाडी पेढीच्या वह्यांतली लिपी मोडीपेक्षा वेगळी, मात्रा गाळून लिहिलेली असते. ती वाचायला बहुधा त्याच समाजातला वृद्ध मुनीम लागतो.

सरकारी कागद

नगर भूमापन कार्यालयातून पेठ आणि सि. स. नं. देऊन मिळकत पत्रिकेची नक्कल मिळते. महाभूमीच्या संकेतस्थळावरही डिजिटल स्वाक्षरीची पत्रिका निघते, पण जुन्या हस्तलिखित नोंदी हव्या असतील तर कार्यालयातच जावे लागते. पत्रिकेत धारकाचे नाव आणि फेरफाराच्या तारखा क्रमाने असतात. हे जागेचे खाते आहे, पेढीचे नव्हे. दुकान भाड्याचे असेल तर पन्नास वर्षे तिथे बसलेल्या दुकानदाराचे नाव या पत्रिकेत कुठेच नसते. जुने क्षेत्र चौरस वारांत असते. चौरस मीटर करायला ०.८३६ ने गुणा.

भाडेकरूचा माग भाडेपावत्यांत आणि महापालिकेच्या मिळकतकर आकारणीत लागतो, कारण तिथे भोगवटादाराची नोंद असते. १९४८ च्या (२०१७ मध्ये नव्या कायद्याने बदललेल्या) दुकाने व आस्थापना कायद्याखालचा परवाना, ज्याला सगळे गुमास्ता किंवा शॉप ॲक्ट म्हणतात, त्यावर धंदा सुरू झाल्याची तारीख असते. ती दुकानदाराने स्वतः सांगितलेली असते, एवढे लक्षात ठेवा. पेढी भागीदारीची असेल आणि नोंदवलेली असेल तर भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे बदलांची नोंद असते.

त्याहून मागे जायचे तर पुणे पुरालेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर. तिथे कागद रुमालांत बांधलेले आहेत. पुण्याच्या पेठांसाठी ‘पुणे जमाव’ या विभागापासून विचारणा करा. आधी पेठेचे जुने नाव, मग सुहूर सन, मग विषय, या क्रमाने मागणी लिहा, नुसते ‘आमच्या गल्लीचा इतिहास’ म्हणून भागत नाही. पेन्सिल न्या, पेन नको. १८८५ चा पुणे जिल्ह्याचा गॅझेटियर (मुंबई इलाखा, खंड १८, भाग ३) पेठवार वर्णन देतो आणि त्या साली कोणत्या पेठेत कोणते व्यवसाय होते याचा आधार म्हणून तो उत्तम आहे. १८९६-९७ च्या प्लेगने लोकवस्ती उलथीपालथी होण्यापूर्वीचे हे चित्र आहे, म्हणून अधिकच मोलाचे.

वर्तमानपत्रे आणि स्मरणिका

‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून १९५१ पर्यंत, ‘केसरी’ १८८१ पासून, ‘सकाळ’ १९३२ पासून. सगळे चाळणे शक्य नाही. दसऱ्याच्या आणि पाडव्याच्या आधीचे आठ दिवस आधी पाहा, नव्या दुकानांच्या जाहिराती तेव्हा असतात. तोंडी मिळालेल्या सालाच्या मागे-पुढे दोन-दोन वर्षे एवढेच बघा. जाहिरात सापडली की ती पहिल्यांदा आणि शेवटची कधी आली ते दोन्ही टिपा. ‘दुकान हलवले आहे’ आणि भागीदारी मोडल्याच्या जाहीर नोटिसा बारीक टायपात असतात. पेढीच्या खात्यात त्यांच्याइतके नेमके दुसरे काही नाही.

गणेश मंडळांच्या, शाळांच्या आणि देवस्थानांच्या स्मरणिका मात्र एकही सोडू नका. ज्या लहान दुकानाने वर्तमानपत्रात कधी जाहिरात दिली नाही, त्याने गल्लीच्या मंडळाच्या स्मरणिकेत चौथाई पान घेतलेले असते, पूर्ण पत्त्यासह. मंडळाच्या कपाटात आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी या सापडतात, ग्रंथालयात क्वचित.

फोटो आणि प्रती

छोटे फोटो ६०० डीपीआयला, कागद ३०० ला स्कॅन करा आणि मागची बाजूही करा, कारण स्टुडिओचा शिक्का तिथे असतो. मूळ वस्तू शक्यतो दुकानाबाहेर नेऊ नका. न्यावीच लागली तर यादी करून दोघांच्या सह्या घ्या आणि ठरलेल्या दिवशी परत करा. एक अल्बम हरवला की अख्खी गल्ली दार बंद करते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. फायलीचे नाव पेठ, सि. स. नं., वर्ष, वस्तू या क्रमाने ठेवा. वर्ष अंदाजे असेल तर नावातच ‘अंदाजे’ घाला.

लिहिताना

प्रत्येक विधानाच्या शेवटी ते कशावरून आले हे कळले पाहिजे. ‘सांगतात’, ‘कागदावर आहे’ आणि ‘इमारतीवरून दिसते’ हे तीन शब्दप्रयोग पक्के धरा. दोन भावांनी दोन साले सांगितली तर दोन्ही लिहा, सरासरी काढू नका. बहुधा एकाचे साल पेढीचे असते आणि दुसऱ्याचे जागेचे. तीन खात्यांत घातले की भांडण मिटते.

घरातल्या वाटण्यांची कारणे, देणी, आजारपणे आणि फोन नंबर प्रसिद्ध करायचे नाहीत, सांगणाऱ्याने परवानगी दिली तरी, कारण दुसऱ्या शाखेने ती दिलेली नसते. मजकूर छापण्याआधी मालकाला वाचून दाखवा. वाचून दाखवताना ‘अरे, तो जिना तेव्हा उजवीकडे होता’ अशी दुरुस्ती हमखास येते आणि तीच या वाचनाची मोठी कमाई असते. दुरुस्ती तारखेसह लिहा, मूळ विधान खोडू नका.

कामाचा क्रम ठरवताना जी इमारत पुनर्विकासाला निघाली आहे ती आधी घ्या. बुधवार पेठेतला भिडे वाडा, जिथे १८४८ साली मुलींची शाळा भरली, वर्षानुवर्षे कोर्टात होता आणि डिसेंबर २०२३ मध्ये रातोरात पाडला गेला. त्या जागी स्मारक व्हायचे होते, तरी जुना उंबरा, तुळया आणि खाचा पाहण्याची संधी त्या रात्री संपली. करारावर सह्या झाल्या असे गल्लीत कळले की त्याच आठवड्यात टेप, बॅटरी आणि कॅमेरा घेऊन जा. आधी कडीपाट, जिना आणि माळ्यावरच्या फळ्या, मग मुलाखती. माणसे नव्या पत्त्यावरही भेटतील.

तयार नोंदीच्या तीन प्रती करा: एक दुकानदाराला छापील, एक पेठेतल्या वाचनालयाला आणि एक तुमच्याकडे, स्कॅन आणि रेकॉर्डिंगसह. छापील प्रतीवर नोंद केल्याची तारीख आणि प्रत्येक सांगणाऱ्याचे तेव्हाचे वय टाका.